नवगावचे गलबत: माहीत काय आणि मानलेले काय

बेने इस्राएल कोकणात कसे आले, हे आपल्यापैकी कोणालाही विचारा. उत्तर एकच मिळते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि बाकीच्यांची प्रेते तिथेच पुरली. पण नातवंडांनी "हे केव्हा झाले?" असे विचारले की उत्तरे वेगळी होतात. कोणी इ.स.पूर्व १७५ म्हणतो, कोणी दुसरे मंदिर पडल्यानंतर, तर कोणी थेट हरवलेल्या दहा वंशांपर्यंत जातो. प्रत्येक जण खात्रीने सांगतो, आणि तिन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

अशा वेळी आपल्या माहितीचे तीन ढीग करून पाहावेत. पहिला ढीग पुराव्याचा: कागद, शिलालेख, प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट. दुसरा निष्कर्षाचा, म्हणजे त्या पुराव्यावरून जे निघते ते. तिसरा गृहीताचा, म्हणजे पुरावा संपल्यावर उरलेली जागा आपण आपल्या मनाने भरून काढली ते. घोटाळा होतो तो तिसऱ्या ढिगातली वस्तू दुसऱ्यात ठेवल्याने.

इ.स.पूर्व १७५ हे साल घ्या. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांचे आपल्यावर फार उपकार आहेत. त्यांनी लिहून ठेवले नसते तर कितीतरी चालीरीती आज आपल्याला ठाऊकही नसत्या. त्यांचे म्हणणे असे, की आपले पूर्वज अंतिओखस एपिफानीसच्या जुलमाच्या काळात इस्रायल सोडून निघाले. त्यामागचा मोठा आधार म्हणजे कोकणातल्या आपल्या लोकांना हनुक्का माहीत नव्हता. अर्थात, हनुक्काची घटना घडण्यापूर्वीच ते निघाले असले पाहिजेत.

यातला पुरावा खरा आहे. आपल्याकडे नव्याचा सण होता, दरफाळणीचा सण होता, पुरीमच्या दिवसात होळीचा सण होता, पण हनुक्का नव्हता. तरीही "नव्हता" यावरून "कधीच माहीत नव्हता" असे निघत नाही. आपल्या पूर्वजांजवळ तोराही उरली नव्हती आणि शेमाखेरीज हिब्रू प्रार्थना उरली नव्हती. म्हणून ते तोरा मिळण्यापूर्वी निघाले, असे कोणी म्हणत नाही. तिथे आपण म्हणतो की पोथ्या बुडाल्या, पुढच्या पिढ्या विसरल्या. मग हनुक्काही तसाच विसरला गेला नसेल कशावरून? केहिमकरांचे साल चुकीचे आहे, असे यातून सिद्ध होत नाही. ते शक्य आहे, पण ठरलेले नाही, एवढेच निघते.

गलबताच्या गोष्टीचेही तसेच. चित्पावनांच्या कथेत समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते आहेत आणि त्यांना परशुरामाने जिवंत केले. आपल्याकडे सात अधिक सात, म्हणजेही चौदा. एवढ्यावरून दोन्ही समाज एकाच गलबतातून आले, असे काहींनी म्हटले आहे. पुरावा इतकाच, की एकाच किनाऱ्यावर दोन सारख्या कथा सांगितल्या जातात. कथा शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते, हे कोकणात राहिलेल्याला सांगायला नको. कोणी कोणाकडून घेतली, की दोघांनी तिसऱ्याकडून, हे त्या सारखेपणावरून कळत नाही.

दाविद राहबींचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यांनी बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले, बायकांनी पर आणि खवले नसलेले मासे वेगळे काढले, आणि त्यावरून त्यांनी आपल्याला ओळखले. काही जण त्यांना हजार वर्षांपूर्वी नेऊन ठेवतात. कोचीनला मात्र एक दाविद राहबी १७२१ ते १७९१ या काळात होऊन गेले. त्यांचे वडील यहेज्केल राहबी डच कंपनीचे मोठे व्यापारी होते. त्यांनी १७६८ साली पाठवलेल्या पत्रात कोकणातल्या बेने इस्राएलांचा उल्लेख आहे. त्याआधी १७३८ मध्ये डॅनिश मिशनच्या सार्टोरियस यांनीही आपल्याबद्दल लिहिले होते. म्हणजे अठराव्या शतकात कोकणात शेमा म्हणणारे आणि शब्बाथ पाळणारे लोक होते, हा निष्कर्ष पक्का. आपल्या कथेतले दाविद आणि कोचीनचे दाविद एकच, हे मात्र नावाच्या सारखेपणावर उभे आहे.

त्याहून जुना उल्लेख रम्बाम यांचा. इ.स. १२०० च्या सुमारास त्यांनी लुनेलच्या विद्वानांना लिहिले, की हिंदुस्थानातल्या यहुदींना शब्बाथ आणि आठव्या दिवसाची सुंता एवढेच ठाऊक आहे. वाचताना मन म्हणते, हे आपणच! असूही शकेल. पण पत्रात कोकण नाही आणि बेने इस्राएल हे नाव नाही.

अलीकडचे उदाहरण रक्ततपासणीचे. २०१६ साली कॉर्नेल आणि तेल अवीव विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवले, की बेने इस्राएलांमध्ये यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वंश आहेत आणि त्यांचे मिश्रण सुमारे ६५० ते १०५० वर्षांपूर्वीचे आहे. लगेच काहींनी म्हटले, "म्हणजे आपण हजार वर्षांपूर्वीच आलो." पण मिश्रण केव्हा झाले आणि आगमन केव्हा झाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आलेले लोक कित्येक पिढ्या आपल्यातच लग्ने करत राहिले असतील. परदेशातून आलेला यहुदी वंश आपल्यात आहे, हा निष्कर्ष मात्र या तपासणीने बळकट केला.

हे सगळे इतके चाळून कशाला पाहायचे? आपली गोष्ट गोड आहे, तशीच राहू द्यावी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्या पिढीने स्वतः भोगले आहे.

ऑक्टोबर १९६१ मध्ये इथल्या मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्राएलांशी विवाहाला परवानगी दिली. पण १९६२ च्या फेब्रुवारीत सूचना निघाल्या, की आपल्यापैकी कोणी दुसऱ्या यहुदीशी लग्न करणार असेल तर आईकडच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. त्यामागचा विचार नीट पाहा. पुरावा एवढाच होता, की हा समाज शेकडो वर्षे रब्बींपासून दूर राहिला. त्यापुढे गृहीत धरले गेले, की मग त्यांचे घटस्फोट आणि पुनर्विवाह नियमाप्रमाणे झाले नसतील. माहिती नाही, म्हणून संशय आला. आणि संशय आला, म्हणून चौकशी. सिद्ध करण्याचा भार मात्र लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलामुलींवर पडला. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेमला येऊन बसले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटच्या खास बैठकीने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी असल्याचे स्पष्ट केले, आणि पुढे रब्बी मंडळाने सूचनांतून आपल्या समाजाचे नाव काढले.

त्या वेळी आपण सरकारला आणि रब्बींना हेच विचारत होतो: तुम्हाला हे कशावरून माहीत? तो प्रश्न दुसऱ्याला विचारायचा असेल तर घरातही विचारायला हवा. नवगावची कथा परंपरा म्हणून सांगितली तर ती कमी होत नाही. आजीकडून नातीकडे ती इतक्या पिढ्या चालत आली, ही स्वतःच एक खरी आणि मोठी गोष्ट आहे. शेजारी आपल्याला शनवार तेली म्हणत. घाणा शनिवारी बंद असे, हे परक्यांच्या तोंडून नोंदले गेलेले सत्य आहे. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, तेही पक्के आहे. टिपूच्या कैदेतून ते कसे सुटले याच्या कथा वेगळ्या ठेवून सांगता येतात.

आपल्या वयाच्या मंडळींनी हातात घेण्यासारखे एक काम आहे. घरातले जुने फोटो, केथुब्बा आणि पत्रे काढा, आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तीनपैकी एक शब्द लिहा: पाहिले, ऐकले किंवा वाटते. "ऐकले" असेल तर कोणाकडून, तेही लिहा. आडनाव पेणकर असेल तर घराणे कधीतरी पेणला होते, एवढे लिहा. मूळचे तिथलेच की दुसऱ्या गावाहून आलेले, हे कोणी सांगितले असेल तर त्याचे नाव पुढे घाला. हे वाचणाऱ्या नातवंडांना मराठी कमी येत असेल, म्हणून तेच शब्द शेजारी हिब्रूतही लिहून ठेवा.