आभासी विश्वांचे आयुर्मान व खेळाडू-समुदाय : एक तुलनात्मक विचार

ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांचे दीर्घायुष्य सामान्यतः वर्गणीदारांच्या संख्येवरून जोखले जाते. प्रस्तुत लेखात १९९९ सालच्या दोन प्रतिस्पर्धी खेळांच्या आधारे या समजुतीची चिकित्सा केली आहे.

मार्चमध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये बहुतेक पात्रांना एकट्याने फार पुढे जाता येत नसे. योद्धा, उपचारक व जादूगार यांना परस्परांवाचून गत्यंतर नव्हते. त्यातूनच ‘गिल्ड’ हे संघ दृढ झाले. नोव्हेंबरमधील ‘अ‍ॅशरॉन्स कॉल’ने एकट्या खेळाडूस अधिक मोकळीक दिली. तेथे स्वामी-सेवक निष्ठेची साखळी होती आणि सेवकाने मिळविलेल्या अनुभवाचा लाभ स्वामीसही होत असे. म्हणजेच समुदाय दोन्हीकडे होते. त्यांचा पाया मात्र भिन्न होता. ‘अ‍ॅशरॉन्स कॉल’ ३१ जानेवारी २०१७ रोजी बंद झाला. ‘एव्हरक्वेस्ट’ त्यानंतरही चालू राहिला.

यावरून केवळ समुदायाची घट्ट वीण खेळास तारते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. २००४ साली सुरू झालेला ‘सिटी ऑफ हीरोज’ खेळाडूंचा विरोध असतानाही कंपनीने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद केला. २०१९ मध्ये चाहत्यांनी तो स्वतःच्या सर्व्हरवर पुन्हा उभा केला आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने त्यांच्यापैकी एका गटास अधिकृत परवाना दिला.

सारांश, आभासी विश्वास अर्थ समुदाय देतो; त्याच्या अस्तित्वाचा निर्णय मात्र मालकाच्या हाती राहतो. म्हणूनच अशा विश्वांच्या इतिहासलेखनात वर्गणीदारांच्या संख्येइतकाच मालकीहक्काचाही विचार होणे अगत्याचे आहे.