काळे फूल आणि बूर्बोंचे नाव

‘व्हॅनिला’ या शब्दाला इंग्रजीत, आणि तिथून आपल्याही बोलण्यात, ‘साधेसुधे, ज्यात विशेष काही नाही असे’ हा अर्थ चिकटून आता बराच काळ लोटला आहे. जगातील सर्वांत कष्टसाध्य मसाल्यांपैकी एकाच्या वाट्याला हा अर्थ यावा, यास अर्थापकर्षाचे ठळक उदाहरण म्हणता येईल. मूळ नावे मात्र बोलकी आहेत. नाहुआत्ल भाषेत या वनस्पतीस ‘त्लिल्शोचित्ल’, म्हणजे ‘काळे फूल’, म्हणत. प्रत्यक्षात तिचे फूल फिकट हिरवट-पिवळे असते. काळी असते ती शेंग, आणि तीही वेलीवर नव्हे, तर माणसाने महिनोन् महिने उबवून-वाळवून सिद्ध केल्यावर. जेत्या स्पॅनिशांनी मात्र केवळ आकार पाहिला आणि ‘लहान म्यान’ या अर्थाचे नाव दिले. जगभर रुळले ते हेच दुसरे नाव.

व्यापारात व्हॅनिलाच्या तीन चवी परंपरेने मानल्या जातात. मेक्सिकोची शेंग किंचित तिखट, लवंगेची आठवण देणारी. ‘बूर्बों’ म्हणून ओळखली जाणारी मादागास्कर, रेयुनियों आणि कोमोरो बेटांवरील शेंग दाट, गोडसर, सायीसारखी. ताहितीची फुलांच्या व बडीशेपेच्या अंगाने जाणारी. या फरकाचे श्रेय विक्रेते माती आणि हवामान यांना देतात. हे अर्धेच सत्य आहे. कारण मेक्सिकोची आणि बूर्बोंची वनस्पती एकाच जातीची आहे. एवढेच नव्हे, तर हिंदी महासागरातील बेटांवरील लागवड बहुतांशी एकाच मूळ वेलीच्या छाटण्यांपासून पसरली, असे जनुकीय अभ्यास दर्शवितात. मग चव बदलली कुठे?

ती बदलते मुख्यतः तोडणीनंतर. हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास जवळजवळ नसतोच. व्हॅनिलिन तिच्यात साखरेशी बांधलेल्या स्वरूपात असते. शेंगेतील पेशी ‘मारल्या’ की विकरे मोकळी होतात आणि गंध सुटतो. मेक्सिकोत पापांत्लाच्या परिसरात हे मारणे उन्हात किंवा भट्टीत होते, रेयुनियोंवर साधारण ६०-६५ अंशांच्या पाण्यात काही मिनिटे बुडवून. नंतर घोंगड्यांत गुंडाळून घाम काढणे, रोज थोडे ऊन दाखविणे आणि अखेर पेटीत मुरविणे. इंडोनेशियातील काही शेंगांना येणारा धुरकट वास हा मातीचा नसून आगीवर घाईने वाळविल्याचा असतो. प्रदेशाची म्हणून सांगितली जाणारी चव ही अशी पुष्कळदा तेथील रीतीची चव असते.

तथापि या साऱ्याच्या आधी एक अडचण होती. मेक्सिकोबाहेर वेल वाढे, फुले, पण फळत नसे. फुलातील पुंकेसर आणि कुक्षी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो आणि मूळ भूमीतील परागण करणाऱ्या मधमाश्या इतरत्र नव्हत्या. १८३६ मध्ये लिएज येथे शार्ल मोरें या शास्त्रज्ञाने कृत्रिम परागण साधले खरे, परंतु मळ्यात चालेल अशी युक्ती सापडली ती १८४१ मध्ये, बूर्बों बेटावरील सेंत-सुझान येथे, एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाला. आई बाळंतपणातच गेलेल्या या पोराला मालक फेरेओल बेलिए-बोमों याने बागेत वाढविले होते आणि भोपळा-कलिंगडाच्या कुळातील एका वेलीचे परागण हाताने कसे करतात, हे दाखविले होते. कित्येक वर्षे वांझ राहिलेल्या व्हॅनिलाच्या वेलीवर अचानक दोन शेंगा दिसल्या, तेव्हा ‘हे मी केले’ असे एदमों म्हणाला. मालकाचा विश्वास बसेना. मग त्याने करून दाखविले: बारीक काडीने पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबायचा. फूल एकच सकाळ उघडे असते. तेवढ्यात हे उरकावे लागते. आजही मळ्यांत याच रीतीने काम चालते.

१८४८ हे वर्ष इथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी राजसत्ता कोसळली, राजघराण्याचे ‘बूर्बों’ हे नाव बेटावरून पुसले जाऊन ‘रेयुनियों’ आले, आणि गुलामगिरी संपून एदमोंला ‘आल्बियुस’ हे आडनाव मिळाले. लॅटिनमधील ‘पांढरा’ या शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. काळ्या मुलाला ते कोणत्या वृत्तीने दिले गेले असेल, हे वाचकांनी ठरवावे. पुढे चोरीच्या प्रकरणात त्याला शिक्षा झाली. बेलिए-बोमोंने रदबदली केल्यावर मुदतीपूर्वी सुटका झाली. दरम्यान झां-मिशेल-क्लोद रिशार या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही युक्ती आपणच बेटावर शिकविल्याचा दावा केला. त्याचे खंडन केले तेही बेलिए-बोमोंनेच, पत्रे लिहून. म्हणजे एदमोंच्या बाजूची साक्ष आपल्यापर्यंत पोहोचते ती त्याच्या पूर्वीच्या मालकाच्या लेखणीतून. साक्ष प्रामाणिक आहे, यात शंका नाही. पण आवाज कोणाचा, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याला टाळता येणार नाही. १८८० मध्ये एदमों सेंत-सुझान येथेच दारिद्र्यात वारला. बेट श्रीमंत झाले होते.

ताहितीची गोष्ट निराळी. तिथली चव खरोखरच वनस्पतीतून येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फिलिपीन्समार्गे, ही वेल तेथे पोहोचली. ती स्वतंत्र जात असावी असे दीर्घकाळ मानले गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मात्र ती मेक्सिको-ग्वाटेमालाकडील दोन जातींचा संकर असल्याचे दाखविले. तिच्यात व्हॅनिलिन तुलनेने कमी आणि बडीशेपेसारख्या वासाची द्रव्ये अधिक. तिची शेंग पिकल्यावर सहसा फुटत नाही, त्यामुळे ती वेलीवरच पूर्ण पिकू देता येते. ज्या चवीला ‘पॉलिनेशियाची’ म्हणून मान मिळतो, तिचे मूळ असे मध्य अमेरिकेत निघावे!

१८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनज्ञांनी कृत्रिम व्हॅनिलिन तयार केले. आज आपण व्हॅनिला म्हणून जे खातो, त्यातले बहुतेक त्याच वंशाचे. सुरुवातीला सांगितलेला ‘साधा’ हा अर्थही या स्वस्त द्रव्याच्या सार्वत्रिकतेतूनच आला असावा. खऱ्या शेंगेचा भाव मात्र लहरी राहिला. २००० साली मादागास्करला चक्रीवादळाचा तडाखा बसल्यावर तो गगनाला भिडला. कर्नाटक-केरळातील शेतकऱ्यांनी उत्साहाने वेली लावल्या आणि काही वर्षांतच भाव कोसळल्यावर अनेकांनी त्या सोडून दिल्या.

भाव चढला की मादागास्करमध्ये चोऱ्या वाढतात. चोरीच्या भीतीने शेतकरी शेंगा कच्च्याच तोडतात आणि त्यांत गंध पुरता भरत नाही. इतिहासाची अशीही एक चव असते. बंदोबस्त म्हणून तेथील शेतकरी हिरव्या शेंगेवर टाचणीने आपल्या नावाची अक्षरे किंवा खूण टोचून ठेवतात. शेंग मुरून काळी झाली तरी तो व्रण तिच्यावर राहतो. ज्या डबीत घालून ती विकली जाते, तिच्यावर बहुधा ‘बूर्बों’ असे छापलेले असते.