टिकाऊपणाचं स्वीडिश कुळ

टिकाऊपणाला स्वीडिशमध्ये ‘हॉल्बारहेट’ म्हणतात. बूट किती वर्षं चालतील, दूध किती दिवस राहील, युक्तिवाद उलटतपासणीत तग धरेल का, सगळीकडे हाच शब्द. तो अस्सल स्वीडिश वाटतो. पण तीन तुकडे केले की घरचा निघतो तो पहिलाच.

तो तुकडा ‘हॉल्ला’, म्हणजे धरणे. जुन्या नॉर्समध्ये ‘हाल्दा’. त्याचं चुलत भावंड गॉथिक भाषेत भेटतं, तिथे अर्थ गुरं राखणे, चारणे. चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबल गॉथिकमध्ये आणलं. त्यात लूकच्या शुभवर्तमानातला डुकरांचा कळप डोंगरावर चरतो तो याच क्रियापदाने. या भाषांतराची सहाव्या शतकातली प्रत, जांभळ्या चर्मपत्रावर चांदी-सोन्याच्या शाईने लिहिलेली, आज उप्साला विद्यापीठात आहे. स्वीडिश सैन्याने ती १६४८ मध्ये प्रागहून लुटून आणली, हे जाता जाता! राखणे हाच मूळ अर्थ आणि धरणे नंतरचा, असं अनेक व्युत्पत्तिकार मानतात. मला ते पटतं; राखणारा जनावर हातचं जाऊ देत नाही.

‘बार’ आणि ‘हेट’ हे प्रत्यय मात्र हान्सा या उत्तर जर्मन व्यापारी संघाच्या व्यापाऱ्यांच्या लो जर्मन बोलीतले. चौदाव्या शतकात स्टॉकहोमच्या नगरसभेत निम्म्या जागांवर जर्मन बसू शकत. १४७१ मध्ये तो हक्क गेला, प्रत्यय राहिले. ‘बार’ म्हणजे वाहणारा, पेलणारा. संस्कृत ‘भृ’ आणि आपला ‘भार’ त्याच मुळाचे. ‘हेट’ हा एके काळी स्वतंत्र शब्द होता, रीत किंवा दर्जा या अर्थाचा. त्याचं नातं थेट संस्कृत ‘केतु’शी लावतात. नवग्रहांतला केतू उत्तर युरोपात असा शेपटीला लागलेला!

संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने शाश्वत विकासाची कल्पना मांडली त्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालानंतर ‘शाश्वत विकास’ स्वीडिशमध्ये कसा म्हणायचा, हा प्रश्न आला. ‘उटहॉल्लिग’, म्हणजे चिवट, दमाचा, हा शब्दही काही काळ चालला. सरशी झाली ‘हॉल्बार’ची. माझ्या मते निवड सोयीची, पण गोंधळाची: दुधाची मुदत आणि पृथ्वीचं भवितव्य एकाच शब्दात. २००३ पासून ‘हॉल्बार विकासाला’ चालना देणं हे शासनाचं कर्तव्य म्हणून स्वीडनच्या राज्यघटनेतच नोंदलेलं आहे.