एअरबॅगच्या धडक-सेन्सरमधील वायरिंगदोष

मोटारीला बसलेल्या धडकेची खबर देणारा सेन्सर आणि ती खबर घेऊन एअरबॅग उडवायची की नाही हे ठरवणारा नियंत्रक, यांच्यामधल्या वायरीत किंवा कपलरात उद्भवणारा दोष. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पेटून राहणे हे त्याचे दर्शनी लक्षण. इग्निशन चालू करताच हा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. ती यंत्रणेची स्वतःची तपासणी असते. तो विझला नाही तर दोष आहे, आणि मुळी लागलाच नाही तर अधिक मोठी शंका घ्यावी. नियंत्रकातले दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर सेन्सरचे नाव दिसले की सेन्सरच बदलण्याची गॅरेजांना घाई असते. प्रत्यक्षात तो निर्दोष आणि कपलर गंजलेला, असे वारंवार आढळते.

रचना. समोरच्या धडकेचे सेन्सर बहुधा रेडिएटरच्या आधारपट्टीवर किंवा बंपरमागच्या सांगाड्यावर असतात. बाजूच्या धडकेचे मधल्या खांबात किंवा दारात. नियंत्रक स्वतः गाडीच्या मध्यभागी, गिअरजवळ तळाच्या उंचवट्यावर बसवलेला असतो. अमेरिकन अभियंता अ‍ॅलन ब्रीड यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित केलेल्या सेन्सरमध्ये एका नळीत चुंबकाने धरून ठेवलेली पोलादी गोळी असे. धडकेसरशी गोळी सुटून पुढे जाई आणि दोन संपर्क जोडले जात. अशा सेन्सरची एक अडचण होती. धडक नसताना त्याचे संपर्क उघडेच असतात, आणि वायर तुटली तरी नियंत्रकाला तसेच ‘उघडे’ दिसते. म्हणून संपर्कांना समांतर एक रोधक जोडू लागले. त्यातून सतत थोडा प्रवाह वाहतो. तो थांबला की वायर तुटली, हे नियंत्रकाला कळते. अशा सेन्सरचा वायरदोष ओळखून दिवा पेटवण्याची विद्या या युक्तीवर उभी होती.

आताच्या सेन्सरमध्ये गोळीच्या जागी त्वरण मोजणारी सिलिकॉनची चिप असते. दारातले काही सेन्सर हवेच्या दाबातला बदल टिपतात. पीएसआय-५ या प्रचलित पद्धतीत दोनच वायरींवरून चिपला वीज मिळते आणि प्रवाहातल्या चढउतारांतून तिचा निरोपही परत येतो. त्यामुळे असा सेन्सर ओहममापकाने तपासून काहीच कळत नाही. गंजलेल्या पिनेचा रोध थोडासा वाढला तरी निरोप अडखळतो, मग ‘सेन्सरशी संपर्क तुटला’ असा कोड येतो. केवळ सेन्सरची वायर शॉर्ट झाल्याने बॅग उडत नाही, कारण नियंत्रकाच्या आतला दुसरा सेन्सर दुजोरा देईपर्यंत बॅग उडवणाऱ्या स्फोटकाला वीज जात नाही. उलटी भीती मात्र खरी आहे: दोष दिसल्यावर अनेक नियंत्रक यंत्रणेचा काही भाग किंवा संपूर्ण यंत्रणाच निष्क्रिय करतात.

कारणे. समोरचा सेन्सर पाणी, चिखल आणि खडी यांच्या थेट माऱ्यात असतो. कपलराचे रबरी सील सैल झाले की पिनांवर हिरवट कळंक चढतो आणि तांब्याच्या तारेतून तो आवरणाखाली आत सरकत जातो. वरून वायर धडधाकट दिसते. कोकणपट्टीतला पावसाळा आणि खारी हवा याला पोषक. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी वायरी कुरतडणे हेही नेहमीचे. तिसरे कारण माणसाचे: किरकोळ ठोकरीनंतर बंपर काढून बसवताना कपलर अर्धवट लागतो, त्याचे दुसरे लॉक दाबायचे राहते, किंवा वायर ब्रॅकेटखाली चेपते.

निदान. स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाचे कोड वाचतात; एअरबॅगचा नियंत्रक वाचणारा स्कॅनर लागतो. कोड पुसण्यापूर्वी लिहून घ्यावेत आणि दोष चालू आहे की जुना नोंदलेला, हे पाहावे. मग इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी आणि थांबावे. नियंत्रकातल्या संधारित्रात बॅग उडवण्याइतकी वीज शिल्लक असते. टोयोटा यासाठी किमान ९० सेकंद सांगते, होंडाच्या अनेक गाड्यांना ३ मिनिटे लागतात. आपल्या गाडीची पुस्तिका सांगेल ते प्रमाण. बॅगच्या स्फोटकाला मीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीही लावू नये.

आधी डोळ्यांनी तपासणी. मग सेन्सर आणि नियंत्रक दोन्हीकडचे कपलर काढल्यावरच हार्नेस, म्हणजे मधला वायरींचा जुडगा, मोजावा. प्रत्येक वायरचा टोकापासून टोकापर्यंतचा रोध साधारण १ ओहमच्या आत हवा. दोन वायरींत आपसांत, तसेच प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यात जोड मिळता कामा नये. मीटर लावलेला असताना हार्नेस हलवून पाहावा, कारण खड्ड्यातच उगवणारा दोष उभ्या गाडीत सापडत नाही. मीटरची जाड सुई मादी पिनेत खुपसणे ही वाईट सवय आहे. पिन फाकते आणि एका दोषाचे दोन होतात. नियंत्रकाच्या कपलरात बॅगांच्या वायरी आपोआप शॉर्ट करणाऱ्या पट्ट्या असतात, त्या शॉर्टला बिघाड समजू नये. डावा-उजवा सेन्सर एकाच पार्ट नंबरचा असेल तर बॅटरी काढून दोन्हींची अदलाबदल करता येते. कोड बाजू बदलून गेला तर दोष सेन्सरचा. जागेवरच राहिला तर वायरीचा किंवा नियंत्रकाचा.

दुरुस्ती. इथे उत्पादकांत एकमत नाही. काही जण एअरबॅगच्या हार्नेसला जोड देणे सरसकट नाकारतात आणि पूर्ण हार्नेस बदलायला सांगतात. काही ठरावीक क्रिम्प-जोड आणि आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी वापरू देतात. जिथे परवानगी आहे तिथे गंजलेली तार चकाकणारे तांबे दिसेपर्यंत कापावी आणि वायरींचा मूळ पीळ शक्य तितका जोडापर्यंत राखावा, कारण तो बाहेरचा विद्युत गोंगाट रोखतो. नुसते पीळ देऊन टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हेच. सेन्सर बसवताना त्यावरच्या बाणाची दिशा पाहून बोल्ट दिलेल्या टॉर्कने आवळावा. हातातून पडलेला सेन्सर परत बसवू नये. बॅटरी जोडून पहिल्यांदा इग्निशन चालू करताना बॅगांसमोर कोणी बसू नये. कोड पुसून, खडबडीत रस्त्यावर गाडी फिरवून पुन्हा स्कॅन केल्यावरच काम पुरे समजावे.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग बंधनकारक आहे. त्या गाड्या आता जुन्या गाड्यांच्या बाजारात येत आहेत. तिथे दिव्याचा बल्ब काढून टाकणे किंवा त्याची जोडणी दुसऱ्या दिव्याशी करणे असे प्रकार होतात. इग्निशन चालू करताना एअरबॅगचा दिवा स्वतंत्रपणे लागतो आणि विझतो का, हे खरेदीपूर्वी पाहावे, आणि नियंत्रकाचा स्कॅन मागावा. बॅग उडून गेलेल्या अनेक गाड्यांच्या नियंत्रकात धडकेची नोंद कायम राहते आणि ती साध्या स्कॅनरने पुसता येत नाही.