लैंगिक कलाचे मापन (सामाजिक सर्वेक्षणांतील)

व्यक्तीला भिन्नलिंगी, समलिंगी वा दोन्ही प्रकारच्या व्यक्तींविषयी वाटणाऱ्या आकर्षणाची नोंद घेण्याची सर्वेक्षणपद्धती. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड किन्झी यांनी १९४८ मध्ये शून्य ते सहा अशी श्रेणी मांडून समलिंगी–भिन्नलिंगी हे कप्पेबंद विभाजन मोडले. मात्र त्यांचा नमुना यादृच्छिक, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची ज्ञात संधी देणारा, नसल्याने त्यांची टक्केवारी संपूर्ण लोकसंख्येला लावता येत नाही, तरी ती आजही बिनदिक्कत उद्धृत होते.

अमेरिकेतील १९९२ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एडवर्ड लाउमन व सहकाऱ्यांनी १८ ते ५९ वयाच्या ३,४३२ व्यक्तींना आकर्षण, वर्तन आणि स्वतःची ओळख यांविषयी वेगवेगळे प्रश्न विचारले. स्वतःला समलिंगी वा उभयलिंगी म्हणवणारे पुरुष २.८ टक्के निघाले, तर तिन्हींपैकी किमान एका अंगाने समलिंगी कल नोंदवणारे सुमारे १० टक्के. त्यामुळे नेमके काय मोजले हे न सांगता दिलेला आकडा निरर्थक ठरतो.

विचारण्याची रीतही उत्तर बदलते. मुलाखतकारासमोर बोलण्याऐवजी हेडफोनवर प्रश्न ऐकून संगणकावर उत्तर नोंदवण्याची सोय दिल्यावर अमेरिकन किशोरांमध्ये समलिंगी संबंधांची कबुली अनेक पटींनी वाढल्याचे १९९८ मध्ये दिसून आले. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत लैंगिक कलाचा प्रश्न १६ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी ऐच्छिक होता व ९२.५ टक्के लोकांनी त्याचे उत्तर दिले. भारतातील २०११ च्या जनगणनेतील ‘इतर’ हा पर्याय मात्र लिंगओळखीचा होता, लैंगिक कलाचा नव्हे.