परवलीचा शब्द आणि ठिगळ



बँकेंतून पैसे काढतांना, आगगाडीचें तिकीट घेतांना किंवा रुग्णालयांत नांव नोंदवितांना आपला संबंध ज्या यंत्राशीं येतो, तें बहुधा आपल्या दृष्टीस कधींच पडत नाहीं. दूर कोठें तरी थंड राखलेल्या खोलींत तें रात्रंदिवस चालू असतें. त्यास सर्व्हर म्हणतात. कोणास आंत घ्यावें, कोणास किती अधिकार द्यावा, कोणतें दप्तर कोणापुढें उघडावें, हें सर्व ठरविणारी त्यावरील व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम होय. ही व्यवस्था चालविणें, वेळोवेळीं अद्ययावत् करणें व सुरक्षित राखणें ही आज एक स्वतंत्र विद्या झाली आहे. माणसें ती कशी शिकलीं, हें आज सांगावयाचें आहे. तीं बव्हंशीं ठेंचा खाऊनच शिकलीं, असें इतिहास पाहतां दिसतें.

१९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत सी. टी. एस्. एस्. नांवाची प्रणाली चालत असे. एकाच यंत्रावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करावें, ही कल्पना तेथें प्रत्यक्षांत उतरली. एका वाड्यांत अनेक बिऱ्हाडें आलीं म्हणजे दारांना कुलुपें येतात. त्याच न्यायानें येथें प्रत्येकास परवलीचा शब्द मिळाला. हे सारे शब्द एका यादींत उघडउघड लिहिलेले असत. एके दिवशीं एक व्यवस्थापक ती यादी दुरुस्त करीत होता आणि दुसरा त्या दिवसाची सूचना लिहीत होता. प्रणालींतील दोषामुळें दोन मसुद्यांची अदलाबदल झाली, आणि जो कोणी यंत्रावर येई, त्याच्यापुढें सूचनेऐवजीं सर्वांचे परवलीचे शब्द छापले जाऊं लागले! चोर कोणी आलाच नव्हता. घरानेंच आपल्या किल्ल्या रस्त्यावर मांडल्या होत्या.

पुढें १९६९ मध्यें बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणालीचा पाया घातला. आजच्या बहुतेक मोठ्या सर्व्हरांचें कूळ तिच्याशीं जाऊन मिळतें. त्याच प्रयोगशाळेंतील रॉबर्ट मॉरिस यांनीं थॉम्प्सन यांच्यासह १९७९ मध्यें परवलीच्या शब्दांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील युक्ति अशी : शब्द जसाच्या तसा ठेवावयाचा नाहीं; गणिताच्या जात्यांत दळून त्याचें पीठ तेवढें ठेवावयाचें. पिठावरून दाणा पुन्हां घडवितां येत नाहीं. माणूस शब्द सांगेल तेव्हां तोही दळावयाचा, आणि दोन पिठें ताडून पहावयाचीं. दोघांचे शब्द एकच असले तरी पीठ निराळें दिसावें म्हणून प्रत्येकाच्या दळणांत निराळें चिमूटभर मीठही घालावयाचें. या विद्येंत त्यास आजही मीठच म्हणतात.

परंतु त्या निबंधांतील अधिक बोधप्रद भाग निराळाच आहे. लेखकांनीं लोकांनीं निवडलेले ३,२८९ शब्द गोळा करून तपासले. १५ जणांनीं एकच अक्षर ठेवलें होतें, ७२ जणांनीं दोन. कित्येकांचे शब्द तर सरळ कोशांत किंवा नांवांच्या यादींत सांपडले. एकंदर २,८३१ शब्द, म्हणजे शेंकडा ८६, सहज ओळखतां येण्याजोगे निघाले. कुलूप उत्तम होतें; परंतु किल्ली उंबऱ्याखालीं होती.

निबंध सर्वांनीं वाचला. आचरणांत थोड्यांनींच आणला. नऊ वर्षांनीं, २ नोव्हेंबर १९८८ रोजीं, अमेरिकेंतील संगणकांच्या जाळ्यांत एक स्वयंचलित प्रोग्रॅम सुटला. तो एका यंत्रांतून दुसऱ्यांत शिरे आणि स्वतःच्या प्रती काढी. त्याच्या वाटा तीन-चारच होत्या : टपाल वाहणाऱ्या प्रोग्रॅममध्यें चांचणीसाठीं ठेवलेलें व उघडेंच राहिलेलें एक दार, दिलेला मजकूर आपल्या जागेंत मावतो कीं नाहीं हें न पाहणारी एक सेवा, शेजारच्या यंत्रावर डोळे मिटून ठेवलेला विश्वास, आणि सहज ओळखतां येणारे परवलीचे शब्द. दप्तरें त्यानें नष्ट केलीं नाहींत. परंतु त्याच्या प्रतींच्या भारानें यंत्रें गुदमरलीं. सुमारें ६,००० यंत्रांस बाधा झाली, असा त्या वेळीं अंदाज होता. बर्कले व मॅसॅच्युसेट्स येथील जाणत्यांनीं रात्री जागवून उतारा शोधला. पण भयानें अनेकांनीं आपलीं यंत्रें जाळ्यापासून तोडलीं होतीं, त्यामुळें त्या जाळ्यांतून उतारा त्यांच्यापर्यंत पोंचेना!

हा प्रोग्रॅम लिहिणारा कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी कोण होता? रॉबर्ट टॅपन मॉरिस. त्याच निबंधकर्त्या मॉरिस यांचा मुलगा. ज्या दोषाविषयीं पित्यानें जगास सावध केलें, त्याच वाटेनें पुत्राचा प्रोग्रॅम आंत शिरला. १९९० मध्यें त्यास दोषी ठरवून तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा व दंड अशी शिक्षा झाली. या घटनेनंतर त्याच महिन्यांत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठांत अशा संकटांची वार्ता घेणारें व देणारें केंद्र स्थापन झालें.

आतां दुरुस्तीविषयीं. प्रोग्रॅममधील दुरुस्तीस इंग्रजींत पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात. पूर्वी आज्ञा कागदी फितीवर छिद्रें पाडून लिहीत; चुकीच्या छिद्रावर खरोखरच कागदाचें ठिगळ चिकटवीत. तें नांव राहिलें. मोठ्या संस्थांपुढें मात्र ठिगळानें धर्मसंकट उभें केलें. लावावें, तर चालतें काम बिघडण्याची भीति; न लावावें, तर दार उघडें. रेड हॅट या कंपनीनें २००२ मध्यें संस्थांसाठीं लिनक्सची जी खास आवृत्ति काढली, तिनें एक मध्यममार्ग रूढ केला : प्रणाली वर्षानुवर्षें तीच ठेवावयाची, आणि नव्या आवृत्तींतील सुरक्षेची दुरुस्ती तेवढी उचलून जुनीस बसवावयाची. २००५ पासून तिच्यांत आणखी एक बंदोबस्त आला. प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावयाचा, म्हणजे एक फितूर झाला तरी सारा वाडा जात नाहीं. हें तत्त्व सॉल्टझर व श्रोडर यांनीं १९७५ मध्येंच मांडलें होतें.

ठिगळास उशीर झाल्यास काय होतें? मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एका दोषाची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीं दिली. १२ मे रोजीं त्याच दोषांतून वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. मध्यें ५९ दिवस होते. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. औषध फडताळांत असून रोगी तळमळला, असा हा प्रकार!

उलट, घाईचेंही फळ पहा. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीचें सदोष अपडेट एकाच वेळीं सर्वत्र गेलें आणि सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें बंद पडलीं. विमानें जमिनीवर राहिलीं. म्हणून जाणता व्यवस्थापक दुरुस्ती आधीं चांचणीच्या यंत्रावर लावतो, मग थोड्यांवर, मग सर्वांवर; आणि परत फिरण्याची वाट राखून ठेवतो.

फळ्यावर नियम लिहिणें सोपें. तो वर्गांत रोज पाळला जातो कीं नाहीं, हें पाहणें कठीण. शिक्षकाच्या धंद्यांतील हें सत्य येथेंही लागू आहे. २०२४ च्या मार्चमध्यें आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास सर्व्हरवर प्रवेश मिळण्यास नेहमीपेक्षां अर्धा सेकंद अधिक लागतो, असें दिसलें. दुसऱ्यानें दुर्लक्ष केलें असतें. त्यानें माग काढला, तेव्हां लिनक्समध्यें वापरल्या जाणाऱ्या एक्स्-झेड् या साधनांत कोणी मुद्दाम ठेवलेलें चोरदार उघडकीस आलें, तेंही ती सदोष आवृत्ति जगभर पोंचण्यापूर्वीं.

दार बंद ठेवण्याची विद्या १९७९ मध्येंच छापून झाली होती. तेव्हांपासून ज्ञानाची वाण फारशी पडली नाहीं. वाण पडली ती रोजच्या दक्षतेची. आपल्या ठेवी, आपलीं तिकिटें आणि आपल्या आप्तांचे औषधोपचार त्या दक्षतेच्या हवालीं आहेत, आणि ती बाळगणाऱ्या माणसांचीं नांवें आपणांस बहुधा ठाऊकही नसतात.