जुनी रेड वाईन चांगली की खराब? बाटली पारखायची कशी, वाचा सोप्या भाषेत

सातपाटी : ताजं पापलेट कसं ओळखायचं हे सातपाटीत कुणाला शिकवावं लागत नाही. डोळा बघायचा, कल्ला उचलायचा, वास घ्यायचा. पण जहाजावर नोकरीला असलेल्या नातेवाइकाने रेड वाईनची बाटली भेट दिली, किंवा कुणी 'जुना माल आहे' म्हणत महाग विकायला आणली, की आपण फक्त लेबलवरचं साल बघतो. फसगत इथेच होते. हॉटेल, रिसॉर्ट आणि क्रूझवर काम करणाऱ्या आपल्या भागातल्या मुलामुलींनाही ही माहिती कामाची आहे.

बोर्डो म्हणजे काय?

बागेत मोरचूद आणि चुन्याचं जे बोर्डो मिश्रण फवारतात, त्याचं नाव फ्रान्समधल्या याच बोर्डो भागावरून पडलं. तिथल्या द्राक्षबागांवरचा रोग थांबवण्यासाठी ते १८८५ च्या सुमारास पुढे आलं. तिथली रेड वाईन मुख्यतः कॅबरने सोव्हिन्यॉन आणि मर्लो या द्राक्षांच्या मिश्रणातून बनते. चांगली वाईन २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात मुरवतात आणि मग बाटलीत भरतात.

आपल्याकडे नाशिक भागात कॅबरने सोव्हिन्यॉनची लागवड आहे. सुलाच्या 'रासा' मालिकेत या द्राक्षाची वाईन मिळते. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली कंपनी 'सेत्ते' बनवते. त्यात कॅबरनेसोबत सांजोवेसे हे इटलीचं द्राक्ष असतं.

जुनी झाल्यावर नेमकं काय बदलतं?

कच्चा चिकू खाल्ला की जीभ आवळते, तोंड कोरडं पडतं. त्या तुरटपणाला टॅनिन कारण असतं. द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि ओकच्या लाकडातही टॅनिन असतं. नवी रेड वाईन म्हणूनच तुरट लागते. वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि तळाशी गाळ बसतो. वाईन मऊ होते.

पण हे प्रत्येक वाईनचं होत नाही. बाजारातली बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत प्यायलाच बनवलेली असते. ज्या वाईनमध्ये टॅनिन, आंबटपणा आणि फळाचा दम भरपूर असतो, तीच दहा-वीस वर्षं टिकते. बोर्डीला चिकूची वाईन बनते. फळांच्या अशा वाईन साधारणपणे ताज्याच प्यायच्या असतात, जपून ठेवायच्या नाहीत.

साठवण कशी झाली हे आधी विचारा

वाईन साधारण १२ ते १४ अंशांत, अंधारात ठेवावी लागते. बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत किंवा शोकेसमध्ये ठेवलेली बाटली काही महिन्यांतच बिघडू शकते. उष्णतेने आतली वाईन फुगते, बूच वर सरकतं, गळती होते आणि हवा आत शिरते. मग लेबलवर कितीही जुनं साल असो, उपयोग शून्य.

न उघडता तीन गोष्टी बघा :

• बूच वर आलंय का? सील चिकट आहे का?
• वाईनची पातळी मानेत आहे की खाली खांद्यापर्यंत उतरली आहे?
• लेबल, सील आणि बूच एकाच वयाचे वाटतात का?

नकली मालाचा धोकाही खरा आहे. जुन्या फ्रेंच वाईनच्या बनावट बाटल्या विकल्याबद्दल रूडी कुर्नियावन याला २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरवलं गेलं. त्याने मोठमोठ्या श्रीमंत संग्राहकांना फसवलं होतं.

चव घेण्याची पद्धत

तयारी : जुनी बाटली एक दिवस उभी ठेवा, गाळ खाली बसतो. उघडल्यावर हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओता, गाळ दिसला की थांबा. रेड वाईन १६ ते १८ अंशांत देतात. आपल्या हवेत त्यासाठी ती आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी लागते.

डोळा : ग्लास एक तृतीयांश भरा, पांढऱ्या कागदावर तिरका धरा. नवी वाईन जांभळट लाल, जुनी कडेला विटकरी दिसते. पूर्ण तपकिरी आणि निस्तेज असेल तर वेळ निघून गेली.

नाक : ग्लास फिरवून वास घ्या. नव्या कॅबरनेत जांभूळ-करवंदासारखा काळ्या फळांचा वास येतो, कधी ढोबळी मिरचीचा. चांगल्या जुन्या वाईनमध्ये नुकती तासलेली पेन्सिल, तंबाखू, चामडं, सुकामेवा असे वास मिसळतात. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास म्हणजे बूच खराब. व्हिनेगरचा झणका आला तर वाईन आंबली.

जीभ : छोटा घोट तोंडभर फिरवा. आंबटपणा, तुरटपणा, फळाची चव यातलं एकच पुढे येतं की सगळं जुळून येतं? गिळल्यावर चव किती वेळ टिकते? तोल, वासांची विविधता आणि रेंगाळणारी चव यांवरच जाणकार दर्जा ठरवतात. परीक्षक घोट थुंकून टाकतात, त्यामुळे हे शिकायला पिण्याची गरज नाही.

पापलेटसोबत नको

रेड वाईनमधल्या लोहामुळे मासळीसोबत तोंडात हिमूस वास उठतो. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये हे दाखवून दिलं. अशी वाईन मटणासोबत बरी लागते.

लक्षात ठेवा

• महाराष्ट्रात वाईनसाठी वय २१ पूर्ण हवं आणि परवाना लागतो.
• परदेशातून येताना एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंतच दारू करमुक्त आणता येते.
• विनापरवाना विक्री गुन्हा आहे. घरी येऊन बाटली विकणाऱ्याला पैसे देऊ नका.
• दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.
• भेट मिळालेली बाटली वर्षानुवर्षं कपाटात ठेवून तिची किंमत वाढत नाही. आपल्या हवेत ती बहुतेक वेळा कमीच होते.